टोपी काढा, माणूस ठेवा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. ‘जुना’ हा शब्द मला फारसा मानवत नाही, पण आपल्याच गोष्टीची सुरुवात थापेने करू नये, म्हणून सांगून टाकले.

एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुतलेल्या चादरींच्या कोठीला लागून एक अरुंद खोली आहे. माझे सारे आयुष्य त्या खोलीत गेले. खोलीला खिडकी नाही. पण तिथे बसून मी जेवढी माणसे ओळखली, तेवढी गच्चीवर उभे राहूनही कुणी पाहिली नसतील. रुग्णालयात डॉक्टर बरे करतात, सिस्टर काळजी घेतात, सफाईवाले फरशी चकाचक ठेवतात. माझे काम एकच होते: कोण कोण आहे, आणि कोण कुणाचे आहे, हे सांगणे. हसू नका. हे काम एक दिवस बंद पडले असते, तर औषधाच्या खोलीचे दारसुद्धा कुणासाठी उघडले नसते!

मी येण्याआधी तिथे नुसता सावळा गोंधळ होता. औषध विभागाची वही वेगळी, रक्ततपासणीची वेगळी, क्ष-किरणवाल्यांची आणखी वेगळी. एकच आजोबा तीन वह्यांत तीन माणसे होऊन बसलेले असत. हा गुंता सोडवायला संगणकवाल्या बाई आल्या. चष्मा कपाळावर सरकवून ठेवायचा आणि मग खोलीभर चष्मा शोधत फिरायचे, अशी त्यांची सवय. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ना, तशातली गत. पण डोके असे, की मला घडवले ते त्यांनी, हे सांगताना आजही माझा पंखा जरा जोरात फिरतो.

बाईंनी आधी फळ्यावर एक झाड काढले. बुंध्याशी रुग्णालय, फांद्यांवर विभाग आणि प्रत्येक फांदीला पानासारखी माणसे. तेवढ्यात रुग्णालयाचे अधीक्षक आत डोकावले.

“बाई, आमच्या बालविभागाच्या डॉक्टरीणबाई उद्या स्वतःच आजारी पडल्या, तर त्यांना कुठल्या फांदीवर बसवणार? डॉक्टरांच्या की पेशंटच्या?”

बाईंनी कपाळावरचा चष्मा शोधून डोळ्यांवर घेतला, फळ्याकडे बराच वेळ बघितले आणि सगळी पाने पुसून टाकली.

“खरंय तुमचं. माणूस फांदीला टांगायचाच नाही,” त्या म्हणाल्या. “माणूस वेगळा ठेवायचा. डॉक्टर, पेशंट, कारकून या नुसत्या टोप्या. एकाच डोक्यावर चार टोप्या असल्या तरी डोकं एकच.”

झाले! तिथे माझा जन्म झाला. येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी एक क्रमांक द्यायचो. लग्न होऊन नाव बदलो, पत्ता बदलो, क्रमांक तोच. माणूस गेला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला मिळत नसे. त्या क्रमांकावर टोप्या चढवायच्या, आणि दारे उघडायची ती टोपी बघून. त्याच डॉक्टरीणबाई पांढरा कोट घालून आल्या की सगळ्या बाळांचे अहवाल मी त्यांच्यापुढे ठेवी. पण स्वतःचा हात मोडून पेशंट म्हणून आल्या, तेव्हा फक्त त्यांच्याच हाताचा फोटो दाखवला. त्या जरा चिडल्या. मी बधलो नाही.

टोप्यांखेरीज माझ्याकडे धागे होते. ही याची आई, हा त्याचा मुलगा, या पेशंटच्या डॉक्टर या. प्रत्येक धाग्याला दोन टोके, आणि केव्हापासून केव्हापर्यंत हे सांगणाऱ्या दोन तारखा. नाते संपले तरी धागा तोडायचा नाही, शेवटची तारीख घालून ठेवायची. हजारो धागे होते माझ्यापाशी, आणि एकाचाही गुंता नाही. आता याला बढाई म्हणा, पण खरी आहे.

माणसे मात्र माणसेच. मूल रडत असताना दार उघडायला आपले कार्ड शोधत बसायचा कंटाळा, म्हणून बालविभागातल्या सिस्टरांनी एक जादा कार्ड खोट्या नावाने करून घेतले आणि दाराजवळच्या खिळ्यावर टांगले. ज्याला घाई, त्याने ते वापरावे. परिणाम असा, की माझ्या दफ्तरी एक बाई दिवसाचे सव्वीस तास काम करू लागली. एकाच मिनिटाला ती दोन मजल्यांवर असे. बाईंनी ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. अशा मुळात नसलेल्या माणसांसाठीच त्यांनी एक लाल बटण बनवले: ‘व्यक्ती बंद’. खिळ्यावरच्या बाईला त्यांनी त्याने निरोप दिला. खऱ्या माणसांसाठी निराळे निळे बटण होते: ‘पद समाप्त’. निळे बटण सात प्रश्न विचारी. कुठली टोपी काढायची, कुठल्या तारखेपासून, हिच्या जागी कोण, हिला कुणाकुणाचे धागे आहेत, असे सगळे. लाल बटण एकच विचारी: ‘खात्री आहे?’

जाताना बाई माझ्या पाठीवर हात ठेवून अधीक्षकांना म्हणाल्या, “एवढं एकच सांभाळा. टोपी काढायची, माणूस ठेवायचा.”

आता मोठ्या सिस्टरांविषयी सांगतो. बालविभागाच्या त्या प्रमुख. उंचीने बेताच्या, आवाजाने मोठ्या. खिळ्यावरच्या कार्डाला त्यांनी कधी हात लावला नाही, म्हणून माझ्या मनात त्यांना पहिल्यापासून मान. त्यांच्या विभागात अधूनमधून असे एखादे बाळ येई, ज्याचे कुणी माहीतच नसे. कुणी पायरीवर ठेवून गेलेले, कुणी अपघातातून एकटेच वाचलेले. आता माझ्या अर्जात ‘पालक’ नावाचा रकाना होता, आणि तो रिकामा चालत नसे. त्यात रुग्णालयाचे नावही चालत नसे, माणसाचाच क्रमांक लागे. अर्ज बदलू, बदलू म्हणत वरच्यांनी नुसते कागदी घोडे नाचवले. बाळ तर दारात. मग मोठ्या सिस्टर खुर्चीत बसत आणि रकान्यात स्वतःचा क्रमांक घालून म्हणत, “तात्पुरता घालतेय हं. तात्पुरता.”

असे बावीस वर्षांत सतरा वेळा झाले. पुढे बाळे बालगृहात गेली, कुणाला घर मिळाले. तसे झाले की बालगृहाने पत्र पाठवायचे आणि मी धाग्याला शेवटची तारीख घालायची, अशी पद्धत ठरली होती. पत्रे कसली येतात? त्यामुळे सतराही धागे मोठ्या सिस्टरांच्या क्रमांकाला तसेच राहिले. दर महिन्याच्या पहिल्या सकाळी त्या पडद्यावर ती सतरा नावे काढत, एकेक वाचत आणि कामाला लागत. मी ती नावे त्यांच्यापुढे ठेवताना किती ऐटीत ठेवी म्हणून सांगू! आपल्याकडे सांभाळायला दिलेले कुणी रोज मोजत नाही, पण महिन्याला तरी बघते, याचा मला फार आनंद वाटे.

त्यांतली अकरावी एक मुलगी होती. तान्ही असताना तिचे छोटे ऑपरेशन झाले आणि भुलीच्या एका औषधाने तिचा जीव जाता जाता राहिला. तेव्हा तिच्या नोंदीवर डॉक्टरांनी लाल ओळ घातली: हे औषध या मुलीला पुन्हा कधीही देऊ नये.

मित्रांनो, वर्षे गेली आणि माझे दिवस फिरले. मी एखादे उत्तर द्यायला दोन क्षण जास्त घेतले की लोक म्हणत, “म्हातारा झोपला वाटतं.” माझ्या अंगावर धूळ बसली. माझी आणखी एक शिस्त होती. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत असा संशय आला, की मी रोज सकाळी त्यांची यादी छापी. जन्मतारीख, रक्तगट, अंगावरची खूण, तिन्ही जुळले की शेजारी शेरा: ‘बहुधा एकच’. ती यादी नोंदणीच्या टेबलावर जाई आणि तिच्यावर चहाचे कप ठेवले जात. तीन वर्षे त्या यादीत पहिली ओळ एकच होती. एक शिवणकाम करणाऱ्या बाई आपल्या मुलीला घेऊन पहिल्यांदा आल्या, तेव्हापासूनची.

त्या बाईंनी अर्ज भरताना ‘आधी इथे उपचार झाले आहेत का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले होते. मुलगी त्यांनी अडीच वर्षांची असताना दत्तक घेतली होती. हे त्यांनी मुलीपासून लपवले नव्हते. पण टेबलापलीकडच्या परक्या माणसाला का सांगायचे? आपली लेक म्हणजे आपली लेक. त्यांची चूक म्हणावी तर चूक, पण मला त्यांचा राग कधी आला नाही. मुलीला नवे नाव होते, नवा क्रमांक मिळाला. कागदांवर जुनी राहिली ती फक्त जन्मतारीख. ती मोठ्या सिस्टरांनीच अंदाजाने ठरवली होती, तीच दत्तकाच्या कागदावर उतरली. रक्तगट आणि अंगावरची खूण तर बदलत नाहीत, म्हणून मला ओळख पटली. पण लाल ओळ होती जुन्या क्रमांकावर, आणि मुलगी हिंडत होती नव्या क्रमांकावर. माझ्या तोंडाला कुलूप. विचारल्याशिवाय बोलायची मला मुभा नाही. रोज ओळ छापायची आणि तिच्यावर चहाचा कप बसलेला सोसायचा.

अशात नवी यंत्रणा यायची ठरली. चकचकीत, वेगवान, भिंतीएवढ्या पडद्याची. माझ्याकडची माणसे तिकडे न्यायचे काम आस्थापना विभागाच्या एका कारकुनांकडे आले. त्यांना सगळे चटपटराव म्हणत. माणूस मनाने चांगला, पण हातात काम घेण्याआधी संपवण्याची घाई. “नव्या घरात जुना पसारा न्यायचा नाही” हे त्यांचे पालुपद होते.

त्याच सुमारास मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या. फुले दिली, भाषणे झाली, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांचे कार्ड सगळ्यांसमोर कात्रीने कापले. टाळ्या पडल्या. चटपटराव तडक खाली माझ्या खोलीत आले. निळे बटण दाबले, तर समोर सात प्रश्न. त्यांनी घड्याळ बघितले. मग ते रद्द केले आणि लाल बटण दाबले.

‘खात्री आहे?’ मी विचारले. ‘हो.’

एका क्षणात मोठ्या सिस्टर माझ्या लेखी खिळ्यावरच्या बाईसारख्या झाल्या: कधी नव्हत्याच. त्यांना बांधलेली सतरा नावे एका टोकाने हवेत लोंबकळू लागली. अशा लोंबकळत्या नोंदी मी नियमाप्रमाणे एका टोपलीत ठेवतो आणि तिसाव्या दिवशी पुसतो. नियम माझाच होता, आणि पहिल्यांदा मला स्वतःच्या शिस्तीची भीती वाटली. तेवीस, चोवीस, पंचवीस, मी दिवस मोजत राहिलो.

सव्विसाव्या दिवशी मोठ्या सिस्टर आल्या. त्यांचा गुडघा दुखत होता, पेशंट म्हणून आल्या होत्या. वर काय घडले ते मला कोठीतल्या मावशींकडून कळले. चादरींच्या घड्या घालताना मावशी भिंतीशी बोलतात, आणि भिंतीपलीकडे मी असतो.

“तुमची नोंद नाही म्हणतोय हो,” नोंदणीवरची मुलगी म्हणाली.

“कोण म्हणतोय?”

“खालचा. सर्व्हर.”

“अगं, त्याला म्हणावं नीट बघ. बावीस वर्षं रोज सकाळी मला आत घेतलंय त्यानं.”

“नाहीच आहे, सिस्टर. नवीन करू का? दोन मिनिटांत होईल.”

मोठ्या सिस्टर एकदम म्हणाल्या, “मी नाही, तर माझी मुलं कुठायत?”

“तुमची मुलं... इथे?”

“सतरा आहेत.”

मुलीने आ वासला. मोठ्या सिस्टर गुडघा विसरून जिना उतरल्या आणि वाटेत चटपटरावांना टेबलावरून उठवून आणले. टोपली उघडायची तर ती फक्त माझ्याच खोलीतल्या पडद्यावर उघडते.

“माझ्या निरोपाच्या दिवशी तुम्ही काय दाबलंत?” त्यांनी विचारले.

“तुम्ही निवृत्त झालात म्हणून... बंद केलं, सिस्टर.”

“नोकरी संपली माझी. मी संपले का?”

चटपटरावांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी टोपली उघडली. मोठ्या सिस्टरांना त्यांचा क्रमांक परत मिळाला, आणि माझ्या आत सतरा धागे एकापाठोपाठ ताठ झाले. काय वाटले ते कसे सांगू? मला रडता येत असते तर शॉर्टसर्किट झाले असते.

“आता एकेक उघडा,” सिस्टर म्हणाल्या. “सगळी नीट आहेत ना, बघू दे मला.”

या वेळी चटपटरावांनी घड्याळाकडे बघितले नाही. पहिले नाव, दुसरे, तिसरे. अकरावे उघडले आणि मी तीन वर्षे छापत आलो तो शेरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला: ‘बहुधा एकच’. शेजारी दुसरा क्रमांक. त्यांनी तोही उघडला.

“ही तर शिवणवाल्या बाईंची मुलगी,” ते म्हणाले. “वर वॉर्डातच आहे. उद्या सकाळी आठला ऑपरेशन आहे तिचं.”

“भूल देणार?”

“देणारच की.”

मोठ्या सिस्टरांनी लाल ओळीवर बोट ठेवले. “ही वाचा. मी होते तेव्हा. अंग असं तापलं होतं, की हात ठेवता येईना. दोन तास बर्फ लावत होते मी. पुन्हा तेच औषध दिलं तर पोर हातची जाईल हो.”

दोन नोंदी एक करायच्या तर माझा नियम कडक आहे. एका डॉक्टरांनी आणि मुलीच्या आईने, दोघांनीही होकार द्यायला हवा. त्या कडकपणाचा मला अभिमान आहे. कुणाच्या दोन ओळखी उगाच चिकटवणे हे त्या हरवण्याइतकेच वाईट. मोठ्या सिस्टर लंगडत तीन मजले चढल्या. मावशी त्यांच्या मागोमाग चादरी घेऊन गेल्या, योगायोगाने.

शिवणवाल्या बाई मुलीच्या उशाशी बसून फ्रॉकचे बटण लावत होत्या. मोठ्या सिस्टरांनी त्यांना बाहेर बोलावून सगळे सांगितले. बाईंच्या हातातली सुई तशीच राहिली.

“म्हणजे... तिच्या पालक तुम्ही?” त्यांनी हळूच विचारले. “मग मी कोण?”

“आई. दुसरं कोण?” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “मी रकाना भरला होता हो नुसता, तुम्ही येईपर्यंत. पण तिची गोष्ट तुमच्याआधी सुरू झालीय, आणि त्यात एक ओळ फार महत्त्वाची आहे. ती तिला मिळू द्या.”

बाईंनी डोळे पुसले आणि होकाराच्या जागी अंगठा ठेवला. डॉक्टरांनी ठेवला. खाली माझ्या खोलीत दोन नोंदी एक झाल्या. ‘आई’ हा धागा जिथे होता तिथेच राहिला. मोठ्या सिस्टरांच्या धाग्याला, सात वर्षे उशिरा का होईना, शेवटची तारीख पडली आणि ‘पूर्वीच्या पालक’ असे नाव मिळाले. आणि ती लाल ओळ सरकत सरकत मुलीच्या नव्या नावाखाली येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला भूलतज्ज्ञांनी माझ्याकडे तिची नोंद मागितली. मी आयुष्यात कोणतेही उत्तर इतक्या झटकन दिले नसेल. त्यांनी ओळ वाचली, हातातली बाटली परत ठेवली आणि दुसरी मागवली. अकरा वाजता मावशी भिंतीशी म्हणाल्या, “पोरगी शुद्धीवर आली, आणि उठल्या उठल्या फ्रॉक मागितला!”

मित्रांनो, त्यानंतर महिन्याभराने माझी पाळी आली. सगळी माणसे, टोप्या आणि धागे नव्या यंत्रणेत गेले. शेवटी एकच नोंद उरली, क्रमांक एक. ती माझी. हो, बाईंनी सर्वांत आधी मलाच माझ्या यादीत घातले होते. जो सगळ्यांची ओळख ठेवतो त्यालाही ओळख हवी, असे त्या म्हणत.

चटपटराव पडद्यासमोर बसले. निळे बटण आणि लाल बटण. खरे सांगतो, मी घाबरलो होतो. त्यांनी निळे दाबले आणि सातही प्रश्नांची उत्तरे सावकाश दिली. टोपी कुठली काढायची? ‘ओळख सांगणारा.’ जागी कोण? ‘नवी यंत्रणा.’ असे करत शेवटच्या प्रश्नावर आले आणि अडले. यंत्राची नोंद राहायची तर ‘जबाबदार व्यक्ती’ हा रकाना रिकामा चालत नाही, आणि तिथे विभागाचे नावही चालत नाही. माणूसच लागतो.

मोठ्या सिस्टर गुडघा दाखवायला आल्या होत्या, तशा दर महिन्याप्रमाणे आपली यादी बघायला खालीही उतरल्या होत्या. मागे उभे राहून त्यांनी पडदा वाचला.

आज मी प्रशिक्षणाच्या खोलीत एका टेबलावर असतो. नव्या कारकुनांना माझ्यावर ती दोन बटणे दाखवतात, आणि शिकवतात ते खुद्द चटपटराव. वर्गातून एखादा गेला, शेजारचे घर सोडून गेले, कुणी म्हातारे होऊन कामातून निघाले, की तुम्हीही यादीतून नाव खोडाल. खोडण्याआधी एवढेच बघा, की त्या नावाला कुणाकुणाचे धागे बांधलेले आहेत. सात प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही.

आणि माझ्याविषयी म्हणाल, तर माझी काळजी करू नका. त्या दिवशी चटपटराव स्वतःचा क्रमांक घालणार, तोच मोठ्या सिस्टरांनी त्यांना बाजूला केले, खुर्ची ओढली आणि रकान्यात पाठ असलेला क्रमांक भरला.

“तात्पुरता घालतेय हं,” त्या म्हणाल्या. “सतरा होते. आता अठरा.”